कोर्टाची पायरी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये लंडनला विमान बदलून मी पहिल्यांदा अमेरिकेत उतरले, ती बॉल्टिमोरच्या विमानतळावर. विमानतळाचं नाव लांबलचक. त्यात शेवटी 'थर्गुड मार्शल' असे दोन शब्द. हातात दोन जड बॅगा, त्यात आईने कोंबलेला दोन किलो गोडा मसाला आणि तो कस्टमवाले काढून घेतील ही धास्ती. तरीही पाटी वाचून मनात आलं, की हा कोणीतरी एअर मार्शल असणार. विमानतळाला वायुदलातल्या माणसाचं नाव, छान. पुढची तीन वर्षं मी त्याच विमानतळावरून ये-जा केली आणि माझा हा समज अबाधित राहिला.

मार्शल हे त्या माणसाचं आडनाव होतं आणि तो वकील होता, हे मला सोळा वर्षांच्या एका मुलीने सांगितलं. तेही जरा कीव करत.

एमएस संपवून मी बॉल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या मधल्या कोलंबिया नावाच्या गावात नोकरीला लागले. आमच्या कंपनीत वर्षाला ठरावीक तास समाजसेवेसाठी मिळतात. बहुतेक लोक ते तास झाडं लावण्यात आणि झाडांसोबत फोटो काढण्यात घालवतात. मी पश्चिम बॉल्टिमोरमधल्या एका सरकारी हायस्कुलात दर बुधवारी शाळा सुटल्यावर पायथन शिकवायचं ठरवलं. वर्गात चौदा मुलं. बारा कृष्णवर्णीय, दोघं भाऊ होंडुरासहून आलेले. सगळी मला 'मिस' म्हणायची. कोड शिकून ही मुलं पुढे जातील, गरिबीतून बाहेर पडतील, असं माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ चित्र होतं. माझं तसंच झालं होतं ना!

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी भांडण झालं. मी गृहपाठाचा कागद दिला होता, त्यावर लिहिलं होतं, 'बुधवारपर्यंत जमा करावे.' एका मुलाने बुधवारी रात्री अकराला पाठवलं. वर्ग पाचला संपतो म्हणून मी त्याला शून्य दिलं. तो मुलगा गप्प बसला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र कागद घेऊन टेबलापाशी आली.

"मिस, इथे पाच वाजले असं लिहिलेलं नाही. बुधवार लिहिलंय. बुधवार रात्री बाराला संपतो."

मी म्हटलं, "पण वर्गाच्या वेळेत, हे उघड आहे."

"कोणाला उघड आहे?" तिने विचारलं. "नियम तुम्ही लिहिला. त्यात काही राहून गेलं असेल, तर त्याचा तोटा तुम्हाला व्हायला हवा. त्याला का?"

त्या मुलाशी तिची मैत्रीही नव्हती, हे मला नंतर कळलं. मी त्याला गुण दिले आणि सवयीने मराठीत पुटपुटले, "बरं बाई, वकीलबाई!" तिने लगेच विचारलं, "म्हणजे काय?" मी अर्थ सांगितला. मला वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, "वकील बघितलेत मी. ते घरमालकाच्या बाजूला उभे असतात."

तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. तिला मी पुढे कायम वकीलबाईच म्हटलं.

ती बारा वर्षांची असताना तिच्या आईला घरभाडं थकवल्याच्या दाव्यात कोर्टाचं बोलावणं आलं. बॉल्टिमोरमध्ये अशा दाव्यांसाठी जिल्हा न्यायालयाचा एक वेगळा भागच आहे. लोक त्याला सरळ 'रेंट कोर्ट' म्हणतात. शाळेला सुट्टी होती, म्हणून आई हिलाही घेऊन गेली. बाकांवर खच्चून माणसं. जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय, बऱ्याचशा बायका, मांडीवर लेकरं. पुढे टाय लावलेला एक माणूस फायलींचा गठ्ठा घेऊन उभा. नाव पुकारलं की तो एक कागद काढायचा, रक्कम वाचायचा, की पुढचं नाव. एकेक प्रकरण मिनिट-दोन मिनिटांत आटपायचं. आईच्या पर्समध्ये त्या महिन्याच्या मनीऑर्डरची पावती होती. ती पर्सची चेन उघडेपर्यंत पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

"तिने पावती दाखवलीच नाही?" मी विचारलं.

"कोणी विचारलंच नाही, मिस. आणि कोणी विचारल्याशिवाय बोलायचं असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं."

तो टायवाला वकीलही असेलच असं नाही, हे मला पुढे कळलं. मेरीलंडमध्ये घरमालकाच्या वतीने त्याचा साधा एजंटही या दाव्यांत उभा राहू शकतो. पण बारा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने कोर्टात बोलू शकणारा तो वकील, आणि तो समोरच्या बाजूचा.

हे सगळं ऐकल्यावर मी काय करायला हवं होतं, हे आता मला कळतं. तेव्हा मी काय केलं, ते सांगते. काही आठवड्यांनी तिने मला विचारलं, "मिस, वकील व्हायला काय लागतं?" मी फोनवर शोधून तिला व्यवस्थित हिशोब मांडून दिला. आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षांत वकील होता येतं, इथे तसं नाही. आधी कोणत्याही विषयात चार वर्षांची पदवी, मग एलसॅट नावाची परीक्षा, तिची फी दोनशे डॉलरपेक्षा जास्त, मग तीन वर्षं लॉ स्कूल, मग बारची परीक्षा. डोक्यावर लाख डॉलरच्या घरातलं कर्ज सर्रास असतं. आणि मग मी म्हणाले, "तुझं लॉजिक इतकं चांगलं आहे. कोडिंग कर. चार वर्षांत नोकरी लागेल, आईला मदत होईल. कोर्टकचेऱ्या कशाला?"

एकूण एक वाक्य खरं होतं. आणि बोलण्याचा सूर अगदी हुबेहूब आमच्या बाबांचा होता.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आमच्या घरात देवाच्या आरतीइतक्या नेमाने म्हटली जायची. तिला कारण होते आजोबा. चुलतभावाशी बांधावरून त्यांचा दावा एकोणीस वर्षं चालला. कोपऱ्यातल्या खुंटीला निळी कापडी पिशवी असायची, त्यात सातबारा, मोजणीचे नकाशे, पावत्या. तारखेच्या दिवशी आजोबा पिशवी काखोटीला मारून पहाटेच्या एसटीने तालुक्याला जायचे आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत यायचे. वकिलाची फी, पक्षकाराच्या खर्चाने त्याचा चहा, टायपिंगचे पैसे. शेवटी दोन्ही घरांनी तडजोड केली, तेव्हा ज्या पट्टीवरून भांडण होतं, तिच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले होते असं बाबा सांगायचे. गोष्टीचं तात्पर्य: आजोबा शहाणे नव्हते.

दहावीत मी जिल्हा पातळीवर वक्तृत्वाची ढाल आणली. बाईंनी बाबांना सांगितलं, हिला वकील करा. बाबा हसले. मलाही ते हसणं योग्यच वाटलं. मी इंजिनिअर झाले आणि त्याचं मला दुःख आहे असं नाही. पण इंजिनिअरिंगचा रस्ता माझ्यासमोर आयता आखलेला होता. क्लास कोणता, कॉलेज कोणतं, जीआरई कधी द्यायची, कोणाच्या ओळखीचं कोण कुठे आहे, हे सगळं सांगायला माझ्या आजूबाजूला पंचवीस माणसं होती. वकीलबाईच्या आजूबाजूला वकिलीचा रस्ता माहीत असलेलं एकही माणूस नव्हतं. आणि जे एक माणूस तिने विचारायला निवडलं, त्याने तिला खर्चाचा तक्ता दिला.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी शाळेतले समाजशास्त्राचे शिक्षक मला व्हरांड्यात भेटले. पन्नाशी ओलांडलेले, कृष्णवर्णीय, आवाज अगदी शांत. त्यांनी विचारलं, "तुम्ही तिला लॉ नको म्हणालात?"

मी म्हणाले, "नको नाही म्हणाले, सर. व्यवहार सांगितला."

ते म्हणाले, "या मुलांना कोणी वाईट बोलून अडवत नाही. चांगली माणसं व्यवहार सांगतात, त्याने अडतात." मग त्यांनी केटांजी ब्राउन जॅक्सन यांचं उदाहरण दिलं. त्याच वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश झाल्या होत्या. हायस्कुलात असताना त्यांनी हार्वर्डला जायची इच्छा सांगितली, तेव्हा शाळेच्या समुपदेशक बाईंनी इतकी उंच उडी मारायला बघू नकोस, असं सुचवलं होतं. हे जॅक्सनबाईंनी स्वतः सांगितलं आहे. त्या शाळेच्या वादविवाद संघात होत्या आणि त्यांच्या लहानपणी वडील लॉ शिकत होते. वडील टेबलावर पुस्तकं घेऊन बसायचे आणि ही शेजारी चित्रं रंगवत बसायची. "तिने कायद्याची पुस्तकं घरात बघितली होती," सर म्हणाले. "म्हणून ती समुपदेशक बाईंचं ऐकली नाही. आमच्या मुलांना ते टेबल शाळेने द्यायचं असतं."

अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण तेरा-चौदा टक्के आहेत, वकिलांमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास. हा आकडा मी नंतर वाचला. पण त्या व्हरांड्यात मला या तफावतीतला माझा वाटा दिसला.

सर शाळेत मॉक ट्रायलचा संघ चालवायचे. मला म्हणाले, "गुरुवारी येत जा. तुमच्याकडून कायदा नको, घड्याळ लावायला माणूस हवं आहे."

मॉक ट्रायल म्हणजे नाटक आणि वादविवाद यांच्या मधलं काहीतरी. राज्यभरातल्या शाळांना एकच काल्पनिक खटला मिळतो. साक्षीदारांचे जबाब, पुरावे, नियम. संघाने वादीची बाजूही तयार करायची आणि प्रतिवादीचीही. सामने खऱ्या न्यायालयाच्या इमारतीत होतात आणि समोर बहुतेकदा खरे न्यायाधीश किंवा वकील बसतात. माझं काम स्टॉपवॉच धरायचं आणि 'दोन मिनिटं', 'तीस सेकंद' असे पुठ्ठे दाखवायचे. वकीलबाई मला तिथे बघून काही बोलली नाही. मी पुठ्ठा दाखवला की ती मुद्दाम दुसरीकडे बघायची.

उलटतपासणीत ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा प्रश्न विचारायचा नाही, ऐकीव पुराव्याला हरकत कुठे घ्यायची, हरकत फेटाळली तर चेहरा न पाडता पुढे कसं जायचं, हे मी पुठ्ठे दाखवता दाखवता शिकले. त्याहून मोठी गोष्ट अशी दिसली, की महिन्याभरात त्या मुलांचं उभं राहणं बदललं. होंडुरासच्या भावांपैकी धाकटा एरवी तोंडातल्या तोंडात बोलायचा. पहिल्यांदा जोरात "ऑब्जेक्शन!" म्हणाला आणि स्वतःच दचकला. शाळेतल्या एका कपाटात सरांनी जुने ब्लेझर जमवून ठेवले होते. सामन्याच्या दिवशी कोणाला घालायला नाही म्हणून कोणी मागे राहू नये. त्या कपाटाचा उल्लेख कोणत्याही 'प्रोत्साहनपर' भाषणात मी ऐकलेला नाही.

दर गुरुवारी एक वकीलही यायच्या, लॉ स्कूलचे दोन विद्यार्थी यायचे. ते भाषण करत नसत. फीमाफीचा अर्ज कुठे मिळतो, पदवीला कोणताही विषय चालतो, प्राध्यापकांकडे शिफारसपत्र कसं मागायचं, असलं किरकोळ सांगायचे. मला वाटायचं, हे तर गूगलवर आहे. पण सगळं गूगलवर असूनही मला अमेरिकेत यायला पंचवीस माणसं लागलीच होती.

फेब्रुवारीत सरांनी आम्हाला शहरातून फिरवलं. माउंट व्हर्नन चौकात त्यांनी एक जागा दाखवली. तिथे रॉजर टॅनी यांचा पुतळा होता, तो २०१७ च्या ऑगस्टमध्ये रातोरात हलवला. टॅनी मेरीलंडचे आणि देशाचे सरन्यायाधीश. कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, असं १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात त्यांनी लिहिलं. तिथून आम्ही खाली संघीय न्यायालयाच्या इमारतीपाशी गेलो. तिथे थर्गुड मार्शल यांचा पुतळा आहे. मी माझी एअर मार्शलची गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. मुलं इतकी हसली की सुरक्षारक्षक बघायला आला. मग कीव येऊन वकीलबाईने मला मार्शल समजावून सांगितले. कित्येक आठवड्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलत होती.

मार्शल याच शहरात १९०८ साली जन्मले. घरापासून जवळ मेरीलंड विद्यापीठाचं लॉ स्कूल होतं, पण तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. म्हणून ते रोज रेल्वेने वॉशिंग्टनला, हॉवर्ड विद्यापीठात जायचे. फीसाठी आईने लग्नातल्या अंगठ्या मोडल्या असं सांगतात. हे ऐकताना मला आपल्याकडच्या किती बायका आठवल्या! १९३३ मध्ये ते वर्गात पहिले आले. नंतर दोन-तीन वर्षांतच डोनाल्ड मरे या कृष्णवर्णीय तरुणाला त्याच लॉ स्कूलने प्रवेश नाकारला, तेव्हा मार्शल आणि त्यांचे गुरू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी खटला भरला. १९३६ च्या जानेवारीत राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने मरेच्या बाजूने निकाल कायम केला. १९३८ मध्ये मरे तिथून पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे १९५४ चा ब्राउन खटला, शाळांमधला वंशभेद बेकायदा. १९६७ मध्ये मार्शल सर्वोच्च न्यायालयात गेले, पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. ज्या लॉ स्कूलचं दार त्यांना बंद होतं, तिथल्या ग्रंथालयाला आज त्यांचं नाव आहे.

"आणि ब्राउनमध्ये एकत्र केलेल्या पाच दाव्यांपैकी एक शाळेतल्या मुलीने सुरू केला," वकीलबाईने भर घातली. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावात १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने कोंदट, गळक्या शाळेविरुद्ध सगळ्या मुलांचा संप घडवून आणला होता. मुलांना फक्त चांगली इमारत हवी होती. वकील म्हणाले, भेदभावालाच आव्हान देणार असाल तर आम्ही येतो. "ती सोळाची होती, मिस," ती म्हणाली. "मी पण."

ह्यूस्टन यांचं एक म्हणणं सरांनी वर्गात लावलं होतं. वकील हा एक तर समाजाचा इंजिनिअर असतो, नाहीतर समाजावर पोसलेलं बांडगूळ, असा त्याचा आशय. आठ वर्षं इंजिनिअर म्हणवून घेतलेली मी त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभी होते.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, "तुमच्याकडे होतं का असं कोणी?"

मी म्हटलं, "होतं." आणि बाबासाहेबांविषयी सांगायला लागले. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले, पुढे लंडनला बॅरिस्टर झाले, १९२३ पासून मुंबईत वकिली. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हजारो दलितांसह प्यायले. त्यानंतर सवर्णांनी दावा लावला, की तळं खासगी आहे. तो खटला दहा वर्षं चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने सवर्णांचं अपील फेटाळलं. सांगता सांगताच मला तारखा जुळताना दिसल्या. मरेचा निकाल आणि महाडचा निकाल यांत जेमतेम सव्वा वर्षाचं अंतर. इकडे लॉ स्कूलचं दार, तिकडे तळ्याचं पाणी, आणि दोन्हीकडे मुद्दा एकच, की सार्वजनिक म्हणजे कोणाचं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी इथल्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जी याचिका दिली होती, तिच्या प्रती त्यांना हव्या होत्या. हेही मी तिला सांगितलं.

ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारलं, "तुमचे लोक कोणत्या बाजूला होते? तळ्याच्या खटल्यात?"

उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायचा नाही, हा धडा ती चांगला शिकली होती. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो नव्हता. आमच्या गावात दोन विहिरी होत्या आणि आम्ही गावातल्या विहिरीवरचे. शाळेच्या पुस्तकातला घटनेचे शिल्पकार हा धडा मला पाठ होता. पण ते वकील होते, पोटासाठी आणि माणसांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत-उतरत होते, हे त्या बसमध्ये बोलताना मला पहिल्यांदा नीट जाणवलं. मी म्हणाले, "दुसऱ्या बाजूला."

ती "ओके" म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "खरं सांगितलंत."

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, स्वतःशीच मोजली. १९४६ नंतर जवळजवळ वीस वर्षं भारतीयांना इथे स्थायिक व्हायला वर्षाला शंभर जागा होत्या. १९६५ च्या कायद्याने तो कोटा गेला, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेतच झाला. त्या लढ्याचे खटले लढवलेल्या वकिलांच्या नावाच्या विमानतळावर मी मसाला लपवत उतरले होते.

सामना आम्ही हरलो. थोडक्या गुणांनी. वकीलबाईने प्रतिवादीच्या बाजूने उलटतपासणी घेतली आणि साक्षीदाराच्या जबाबातली तारखेची चूक अशी हळुवार सोडवून दाखवली की मी तीस सेकंदांचा पुठ्ठा दाखवायला विसरले. सामना संपल्यावर खुर्चीतल्या न्यायाधीश बाई खाली उतरून तिच्याकडे आल्या, नाव विचारलं आणि म्हणाल्या, "सुट्टीत माझ्या कोर्टात येऊन बस." इतकंच. मी तिला सहा महिन्यांत जे देऊ शकले नव्हते, ते या एका वाक्यात होतं. तिथे तिची जागा आहे आणि ती जागा एका माणसाला माहीत आहे.

जूनच्या शेवटी, २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करणं घटनाबाह्य ठरवलं. मला वाटलं, मुलं खचतील. सरांनी सुट्टीतही मुलांना बोलावून निकालाचे उतारे वाचायला लावले. मार्शल यांच्या जागी आलेले न्यायमूर्ती थॉमस निकालाच्या बाजूने, जॅक्सन विरोधात. दोघं कृष्णवर्णीय, दोघंही एकमेकांच्या मुद्द्यांना नाव घेऊन उत्तर देताहेत. एक मुलगा वैतागून म्हणाला, "मग आपले लोक तिथे पोचून काय उपयोग?" वकीलबाई म्हणाली, "दोघंही पोचलेत म्हणून तर वाद होतोय. नाहीतर आपल्याबद्दल दुसरेच बोलत बसले असते."

सरन्यायाधीशांनी त्याच निकालात लिहिलं होतं, की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थी निबंधात सांगू शकतो. हिने ते वाक्य अधोरेखित केलं आणि ऑक्टोबरमध्ये अर्जाचा निबंध मला वाचायला पाठवला. विषय: आईच्या पर्समधली पावती. मी दोन ठिकाणी स्वल्पविराम सुचवले. त्यातला एक तिने घेतला नाही आणि तिचं बरोबर होतं.

त्या डिसेंबरमध्ये मी गावी गेले. निळी पिशवी माळ्यावर होती. बाबांना विचारलं, "आजोबांनी दावा का लावला होता?"

"आपण कुठे लावला? त्यांनी लावला," बाबा म्हणाले. "आपल्याला समन्स आलं."

मी पिशवीतला पहिला कागद काढला. आजोबांचं नाव, पुढे 'प्रतिवादी क्र. १'. एवढी वर्षं ज्या माणसाला आम्ही म्हणीतला बिनशहाणा म्हणून वापरलं, त्याने पायरी आपणहून चढलीच नव्हती. त्याला बोलावलं होतं. गेला नसता तर एकतर्फी निकाल होऊन बांध गेला असता. ती म्हण फक्त ज्यांना न जाण्याची सोय आहे त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांच्या दारावर कागद चिकटवला जातो. मग वर गेल्यावर त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

परत आल्यावर मी हे वकीलबाईला सांगितलं. ती आता गावातच कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. वकील होईलच असं नाही. मध्ये तिला पत्रकारितेचंही वेड लागलं होतं. सुट्टीत ती त्या न्यायाधीश बाईंच्या कोर्टात चार दिवस बसून आली, आणि एक दिवस कोणाला न सांगता रेंट कोर्टातही. २०२१ मध्ये मेरीलंडने कायदा केला आहे, की घरातून काढण्याच्या दाव्यात कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला मोफत वकील मिळावा. ती म्हणाली, गर्दी तशीच आहे, मिनिट-दोन मिनिटंही बऱ्याचदा तशीच. पण आता व्हरांड्यात काही वकील भाडेकरूंना गाठून विचारतात, "तुमच्याकडे काही कागद आहे का?"

आजोबांची हकिगत ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला, "त्यांना वकील होता?"

"होता."

"तो त्यांना समजावून सांगायचा, आत काय चाललंय ते?"

मी आठवायचा प्रयत्न केला. संध्याकाळच्या एसटीतून उतरणारे आजोबा, काखोटीला पिशवी. ओसरीवर टेकले की आजी पाणी आणून द्यायची आणि विचारायची, "काय झालं?" ते दरवेळी एकच उत्तर द्यायचे: "काय की. पुढची तारीख दिलीय."